तीनशे व्होल्ट

पावडर पांढरी, मैद्यासारखी.
पहिल्या दिवशी मला रांगोळीच वाटली.
मगदूम सर म्हणाले, रज्जाक, जपून,
यात शंभराला पाच भाग युरोपियम आहे,
शिंकलास तर माझा महिन्याचा पगार उडेल.

तेव्हापासून मी ती चाळायचो
पंखा बंद करून, तोंडाला फडकं बांधून.
भट्टी तेराशेवर चढली की रात्रभर जागायचो,
आणि लाईट जाऊ नये म्हणून
वायरमन सनदीला आधीच चहा पाजून ठेवायचो.

काचेच्या घंटेतली हवा पंप ओढायचा.
सगळी कधीच निघत नाही,
पुरेशी निघाली की सर दिवे घालवायचे.
तारेतून इलेक्ट्रॉन सुटायचे, पावडरीवर पडायचे,
आणि तांबडं.
कुंकवाचं नव्हे, तापल्या लोखंडाचं तर नव्हेच,
हात लावला तर गार लागेल असं तांबडं.
मी वहीत आकडे लिहायचो. खाली सही: र. मुल्ला.

मग कृष्णेचं पाणी आलं.
आयर्विन पुलावरचा आकडा फुटाफुटानं चढत होता
आणि आमची खोली तळमजल्याला.
शमशादला मी मिरजेला तिच्या बहिणीकडे सोडलं,
शिलाई मशीन राहिलं.
अकराव्या दिवशी खोलीचं कुलूप तोडलं:
गाळ, आडवं पडलेलं कपाट, सापाची कात,
आणि बरणी.
बूच घट्ट होतं. तरी आत ओल.

केतकी उपाध्ये तेव्हा नवीन, आष्ट्याहून एसटीनं यायची.
तिनं पावडर वाळवून पट्टीवर थापली.
पाच हजार व्होल्ट: तांबडं, जसंच्या तसं.
सर खुर्चीत बसले, चष्मा पुसू लागले.
हजार: फिकट.
तीनशे:
डोळे फाडून बघितलं तरी काही नाही.

केतकी म्हणाली, काका,
जोरात आलेला इलेक्ट्रॉन कणाच्या पोटात घुसतो,
तिथवर पाणी गेलंच नव्हतं.
हळू आलेला वरच थांबतो,
अणूंच्या आठ-दहा रांगा, संपलं.
आणि वरची साल मेलीय.
तिथं त्याचा उजेड होत नाही, नुसती ऊब होते.
त्यात जे येतात ते दारातच बसून राहतात,
मागच्यांना आत येऊ देत नाहीत.

घरी भिंतीवर माझ्या छातीइतकी रेघ.
शमशाद परतली होती, ओली रजई पिळत होती.
चहा ठेवू का, मी विचारलं.
नाही.
म्हणजे नाही म्हणाली नाही. काहीच नाही.
मोठ्यानं विचारलं तर अगदी नेहमीसारखी,
साखर कमी घाला, म्हणाली.
शेजारचे जमादार म्हणाले, सावरल्या की वहिनी.
मी मनातल्या वहीत लिहिलं:
पाच हजारला ठीक आहे.

पुढचं काम सावकाशीचं होतं.
सौम्य आम्लात धुवायचं,
जास्त वेळ ठेवलं तर कणच विरघळतो.
पुन्हा धुवायचं, नुसत्या पाण्यानं, सात वेळा.
नऊशेवर चार तास.
थोडं इंडियम ऑक्साईड मिसळायचं,
साठलेल्यांना जायला वाट म्हणून.
दोनदा बिघडलं. एकदा सनदीच सुट्टीवर होता.

ऑक्टोबरात एका संध्याकाळी पुन्हा तीनशे.
सर म्हणाले, नाही.
केतकी म्हणाली, मीटर हलत नाही.
मी बावीस वर्षं त्या खोलीतला अंधार बघतोय.
मला दिसलं.
कडेला, नखाएवढं.
सर म्हणाले, मीटरवर आल्याशिवाय लिहू नकोस.
नाही लिहिलं.

घरी मशीनचं चाक रॉकेलनं सुटं झालंय.
दोरा अजून ओवलेला नाही.
मी येतो, दिवा लावत नाही,
तिच्या शेजारी बसतो
आणि हळू आवाजात सांगतो
आज किती वाजता पंप सुरू केला ते.
डोळ्याला थोडा वेळ द्यावा लागतो.